जीप माझ्या नावावर होती

मला मोटार चालवता येत नाही. तरीही सहा वर्षं मी एका जीपची मालकीण होते, आणि त्यातली चार वर्षं त्या मालकीपायी मी पनवेल-अलिबाग अशा फेऱ्या केल्या.

जीप माझ्या नावावर आली ती अगदी साध्या कारणाने. नवरा तळोजाच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होता. कंपनी बंद पडली तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. नव्याने नोकरी मागायला मोठा आणि घरी बसायला फारच लहान. मी नवीन पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. ते भारनियमनाचे दिवस होते. तासन् तास वीज नसायची, आणि जिकडे बघावं तिकडे नवी इमारत उभी राहत होती. रोज कुठे ना कुठे लग्न, वास्तुशांत, दुकानाचं उद्घाटन. नवऱ्याला यंत्रांची समज होती. त्याने जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा काढायचं ठरवलं. गाडीसाठी कर्ज काढायचं तर बँकेला पगाराची स्लिप हवी, आणि घरात ती फक्त माझ्याकडे होती.

"अगं, सही तर करायचीय," तो म्हणाला. "चालवणार ड्रायव्हर, धंदा बघणार मी. तू नुसती नावाला."

मी सह्या केल्या. शाळेची मधली सुट्टी होती, आणि तो कागद घेऊन फाटकाशी उभा होता.

विचुंब्याला रस्त्यालगत एक मोकळी जागा आम्ही भाड्याने घेतली. तिथे पत्र्याची शेड घातली आणि त्यात जनरेटर ठेवला. तो चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला होता. जीपच्या मागच्या हुकाला ट्रॉली अडकवायची, लोखंडी पिन घालायची, की निघाली वरात. पुढच्या वर्षी नवऱ्याने एक मोठा जनरेटर घेतला, मंगल कार्यालयाचा एसीसुद्धा चालेल असा. त्याची ट्रॉली न्यायला तो गावातल्या एकाचा ट्रॅक्टर बोलवायचा, कारण मोठा जनरेटर आमच्या जीपला झेपण्यातला नव्हता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

ड्रायव्हर तिथलाच, गावातला. नवऱ्याच्याच वयाचा, काळासावळा, अंगाने सडपातळ. त्याची भातशेती नव्या शहरात गेली होती आणि जिथे त्याच्या वडिलांचं खळं होतं तिथे आता सोसायटीचं पार्किंग होतं. हे तो हसत सांगायचा. मला "वैनी" म्हणायचा, नवऱ्याला "शेठ". मला त्याचं एक आवडायचं. निघण्याआधी तो ट्रॉलीभोवती एक पूर्ण फेरी मारायचा, चाकांना पायाने ठोकून बघायचा आणि पिन दोनदा हलवून बघायचा.

तो रविवार होता. माझ्याच शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीचं लग्न जुन्या पनवेलच्या एका कार्यालयात होतं. जनरेटर आमचाच सांगितला होता, माझ्या शब्दावर. "काळजी करू नका, आमच्या घरचंच आहे," असं मी तिला स्टाफरूममध्ये चारचौघींसमोर सांगितलं होतं. सकाळी नवरा आणि मी स्कूटरवरून लग्नाला निघालो, तेव्हा वाटेत विचुंब्याला थांबलो. मी पैठणी नेसलेली, हातात आहेराचं पाकीट. लहान जनरेटर आदल्या दिवशीच पळस्प्याला एका नव्या धाब्यावर गेला होता. मोठा शेडमध्येच उभा होता आणि ट्रॅक्टरचा पत्ता नव्हता. ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागत नव्हता. शेवटी कळलं की तो विटा टाकायला उरणकडे गेलाय, दुपारशिवाय येत नाही.

नवऱ्याने आधी जनरेटरकडे आणि नंतर जीपकडे बघितलं. मग म्हणाला, "जीपला लाव."

ड्रायव्हर हलला नाही. "शेठ, ह्यो जीपचा माल नाय."

"इथून इथे तर जायचंय. चार-पाच किलोमीटर. सगळे ओढतात."

"वढंल शेठ. मी नाय म्हनत नाय. जीप वढंल. पन थांबनार नाय. ट्रॉलीला सोताचा ब्रेक नाय, आन मधी पूल हाय."

"हळू चालव मग. दुसऱ्या गिअरमध्ये."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन अशी त्याची अपेक्षा होती. मी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "अहो, मुहूर्त साडेअकराचा आहे."

एवढंच बोलले. पुढची सगळी वर्षं हे वाक्य माझ्या कानात राहिलं आहे. त्या वाक्यात काही वाईट नव्हतं. पण दोन माणसं वाद घालत होती, एक थांबा म्हणत होता, एक चल म्हणत होता, आणि मी "चल"च्या पारड्यात वजन टाकलं.

त्यांनी दोघांनी मिळून ट्रॉली जीपला जोडली. ड्रायव्हरने पिन दोनदा हलवून बघितली. आम्ही स्कूटरवर पुढे निघालो.

कार्यालयात वीज गेलेलीच होती. बायका पदराने वारा घेत होत्या. मी प्रत्येकीला सांगत होते, "निघालाय, येतोच आहे." नवऱ्याचा मोबाईल वाजला तेव्हा अंतरपाट धरायची तयारी चालली होती. तो ऐकत राहिला आणि बाहेर चालू लागला. मी मागोमाग धावले.

नव्या पनवेलकडून जुन्या पनवेलकडे येताना पुलाचा जो उतार संपतो, तिथे गर्दी जमली होती. जीप रस्त्यात आडवी उभी होती. ट्रॉली तिच्यापासून सुटून डाव्या कडेला उलटली होती आणि जनरेटर कुशीवर पडला होता. डिझेल वाहत गटाराकडे चाललं होतं. एक केळ्यांची हातगाडी मोडून पडली होती आणि जनरेटरच्या पत्र्याखालून एका स्कूटरचं मागचं चाक दिसत होतं. स्कूटरवाल्याला लोकांनी आधीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

ड्रायव्हर पळाला नव्हता. दुभाजकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून. कुणीतरी त्याच्या कानशिलात मारली होती, गाल लाल दिसत होता. जे घडलं ते त्याने नंतर पोलिसांना सांगितलं तेच होतं. उतारावर पुढची रिक्षा थांबली, त्याने ब्रेक दाबला. जीप थांबू पाहत होती, पण मागचा जनरेटर थांबेना. त्या वजनाने जीपला मागून ढकललं, जीप फिरली, पिन तुटली आणि ट्रॉली एकटीच धावत जाऊन केळ्यांच्या गाडीपाशी उलटली. तिथे एक माणूस स्कूटर कडेला घेऊन, एक पाय जमिनीवर टेकवून, केळी घेत होता.

त्या माणसाचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि घोटा चेपला होता. वय चौतीस. जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातला, मूळ घराणं कोकणातलं. आखातात एसी दुरुस्तीचं काम करायचा, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता आणि तीन आठवड्यांनी परत जायचा होता.

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "गाडी कोणाच्या नावावर?"

"मिसेसच्या," नवरा म्हणाला.

हवालदाराने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी अजून पैठणीतच होते.

पुढचे काही आठवडे नवरा दवाखान्यात कुणाकुणाच्या हाती पैसे पाठवत होता, पण स्वतः गेला नाही. मी म्हणायचे, आपण जाऊन येऊ. तो म्हणायचा, "लोक मारतील. आणि जाणं म्हणजे चूक कबूल करणं." हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. विमा आहे, विमा कंपनी भरेल, असं तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा, आणि मला त्यानेच थोडी झोप लागायची.

मग विमा कंपनीचा तपासनीस आला. शांत, सभ्य माणूस होता. चहाला नको म्हणाला. त्याने जीपच्या कागदांचे फोटो काढले, तुटलेल्या पिनेचे काढले आणि जनरेटर ट्रॉलीसकट उचलवून वजनकाट्यावर नेला. महिनाभराने माझ्या नावे पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. त्यात लिहिलं होतं की या जीपला जेवढं वजन ओढायची परवानगी आहे त्याच्या कितीतरी पट वजन मागे लावलं होतं. जनरेटर ट्रॉलीसकट जीपहूनही जड भरला होता. ट्रॉलीची वेगळी नोंदणी नव्हती, वेगळा विमा नव्हता. पॉलिसीच्या अटी मालकाने मोडल्या आहेत, सबब कंपनी जबाबदारी नाकारत आहे. मालक म्हणजे मी.

आम्ही एक वकील केले. त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. "मॅडम, दोन केसेस आहेत. बेदरकारपणे गाडी चालवली ही पोलीस केस, ती ड्रायव्हरवर, इथे पनवेलला. नुकसानभरपाईचा दावा वेगळा, तो जिल्ह्याच्या कोर्टात, अलिबागला. त्यात ड्रायव्हर, तुम्ही आणि विमा कंपनी असे तिघे."

"आणि माझा नवरा?"

"त्यांचं नाव कुठेच नाही. ना लायसन, ना आर.सी. बुक. कायद्याच्या दृष्टीने ते तिथे नव्हतेच."

नवरा बाजूच्याच खुर्चीत बसला होता. त्याने खिडकीकडे बघितलं.

दाव्याला जे लेखी उत्तर द्यायचं त्याला कैफियत म्हणतात. ती इंग्रजीत होती, सहा-सात पानं. वकिलांच्या कारकुनाने जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे मी सह्या केल्या. दहावीचे पेपर तपासायचे होते, गठ्ठा घरी पडला होता. आयुष्यभर मुलांना "वाचून मग लिहा" सांगणारी बाई मी, आणि स्वतः एक ओळ वाचली नाही.

अलिबागच्या तिसऱ्या की चौथ्या तारखेला मी त्या जखमी माणसाला प्रथम बघितलं. कुबडी होती, बरोबर बायको, बुरखा घातलेली, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. तो गोरा, दाढी बारीक कातरलेली, इस्त्रीचा शर्ट. त्याचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, त्यामुळे कोर्टातल्या बाकावर तो तिरका बसला होता. त्या दिवशी आमच्या वकिलांनी बोलताना सांगितलं की अर्जदार स्वतःच्याच चुकीने जखमी झाला, कारण त्याने स्कूटर भर रस्त्यात, वाहतुकीला अडथळा होईल अशी उभी केली होती.

मी दचकले. त्या माणसाने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

बाहेर आल्यावर तो वऱ्हांड्यात कुबडीवर भार देऊन थांबला होता. नवरा वकिलांशी बोलत मागे राहिला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मी रस्त्यात उभा होतो असं तुम्ही लिहिलंय?"

"वकिलांनी लिहिलं असेल. मला कल्पना नव्हती."

"सही तुमची आहे ना? आमच्या वकीलसाहेबांनी दाखवली मला." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी गटाराला टेकून उभा होतो हो. माझी स्कूटर गटाराला टेकून होती."

त्याच्या बायकोने त्याच्या कोपराला हात लावला. "चला. एस.टी. जाईल."

पनवेलची एस.टी. एकच होती त्या वेळेला. आम्ही चौघंही तिच्यातच चढलो. कंडक्टरने त्याला दाराजवळची पुढची जागा दिली, तिथे पाय लांब करता येत होता. आम्ही मागे बसलो. वडखळपर्यंत खड्ड्यांचा रस्ता, आणि गाडी आदळली की त्याचा हात पुढच्या दांडीवर घट्ट व्हायचा आणि बायको त्याच्या मांडीखाली आपली पिशवी सरकवायची. दोन तास मला त्याची मान दिसत होती. नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते, पण तो झोपला नव्हता. पेणला गाडी थांबली तेव्हा मी त्याला म्हटलं, "आपण असं लिहिलंय, तुम्हाला माहीत होतं?"

"वकील असंच लिहितात," तो डोळे न उघडता म्हणाला. "सगळेच लिहितात."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना ती कैफियत दिली आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लावली. स्कूटर रस्त्याच्या मधोमध होती. ड्रायव्हरने मालकाला न विचारता, परस्पर मोठा जनरेटर जीपला जोडला. मालकाला त्याच्या वजनाची काहीही माहिती नव्हती. बाई वाचता वाचता थांबल्या. त्याही त्या लग्नाला होत्या.

त्यानंतर तीनेक वर्षांनी माझी साक्ष लागली. तोवर तारखांवर तारखा पडत गेल्या. या काळात त्या माणसाच्या घोट्याचं दुसरं ऑपरेशन झालं, त्याची तिकडची नोकरी गेली, व्हिसा संपला, हे सगळं मला कोर्टातल्या कागदांतून कळत होतं. ड्रायव्हरला आम्ही कामावर ठेवू शकलो नाही, कारण मोठा जनरेटर मोडल्यावर फारसं कामच उरलं नव्हतं; तो एका सोसायटीत रखवालदार झाला होता. रस्त्यात भेटला की "काय वैनी" म्हणायचा आणि निघून जायचा.

साक्षीसाठी वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. या वेळी मराठीत करा म्हणून मी हट्ट धरला. त्यात तेच होतं: मला काही माहीत नव्हतं, ड्रायव्हरने परस्पर केलं. मी म्हटलं, यावर मी सही करणार नाही.

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, नीट ऐका. मालकाला माहिती होती असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात, की विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत. सगळा बोजा तुमच्यावर येईल. तुमच्या पगारावर, तुमच्या घरावर. तुम्ही नोकरदार बाई आहात, तुमच्याकडून वसूल होतं. ड्रायव्हरकडून कोण काय वसूल करणार आहे? त्याचं नाव घेतल्याने त्याचं काही जात नाही."

"त्याच्यावर पोलीस केस आहे की."

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

घरी आल्यावर नवरा बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तू माझं नाव घेणार?"

"तुमचं, आणि माझंही. मुहूर्ताचं मीच म्हटलं होतं."

"ते कुणी विचारणार नाही तुला."

"विचारलं तर?"

"माझ्यासाठी एक कागद सही करत नाहीस," तो म्हणाला. "तेव्हा जीपचा केलास ना? मग?"

 त्याने हा धंदा घरासाठीच काढला होता. नोकरी गेलेला माणूस सकाळी आठला कपडे करून बाहेर पडायला लागला, म्हणून मला किती बरं वाटलं होतं ते मी विसरले नव्हते. तो लबाड नव्हता. सगळे ओढतात म्हणून त्याने ओढलं, इतकंच. पण ड्रायव्हरचं "थांबनार नाय" आम्ही दोघांनी उभं राहून ऐकलं होतं.

मी वेगळं प्रतिज्ञापत्र करून दिलं. वकिलांनी ते निरुत्साहाने दाखल केलं. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, "जीपला मोठा जनरेटर झेपत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कसं माहीत होतं?"

"एरवी ट्रॅक्टर बोलवायचो म्हणून. आणि त्या दिवशी ड्रायव्हरने माझ्यासमोर नको म्हणून सांगितलं होतं."

"मग जोडायला कोणी सांगितलं?"

"माझ्या नवऱ्याने. आणि उशीर होतोय असं मी म्हटलं."

टायपिस्टची बोटं चालत होती. नवरा कोर्टाच्या दारात उभा होता. मी एवढं बोलेपर्यंत तो निघून गेला होता.

"स्कूटर रस्त्यात उभी होती?" हे त्या माणसाच्या वकिलांनी विचारलं.

"मी तिथे नव्हते. आम्ही तसं जे लिहिलं त्याला माझ्याकडे आधार नाही. मी न वाचता सही केली होती."

त्या दिवशी मी अलिबागहून एकटी परत आले. नवरा आधीच्या गाडीने गेला होता. पुढे जवळजवळ दोन महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. ताट वाढलं की जेवायचा, ताट उचलून ठेवायचा. रागाने भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

निकाल लागला तो वकिलांनी सांगितला होता तसाच. जखमी माणसाला थांबायला लागू नये म्हणून विमा कंपनीने त्याला भरपाई आधी द्यावी, आणि मालकाने अटी मोडल्या असल्याने ती मालकाकडून वसूल करावी. वसुलीचं पत्र शाळेत आलं. मुख्याध्यापिकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. आम्ही जीप विकली, लहान जनरेटर विकला. विचुंब्याला एका नव्या इमारतीत फ्लॅट बुक केला होता तो सोडला. बाकीचं माझ्या पगारातून जात राहिलं, मी निवृत्त होईपर्यंत.

ड्रायव्हरच्या वकिलाने माझ्या साक्षीची नक्कल पनवेलच्या कोर्टात दिली. तो सुटला नाही. झेपत नाही हे कळत असताना त्याने गाडी हलवायलाच नको होती, असं न्यायाधीश म्हणाले. पण तुरुंगवास टळला, कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसायची शिक्षा आणि दंड एवढ्यावर भागलं. संध्याकाळपर्यंत तो कोर्टातल्या बाकावर बसून राहिला. मी त्याला भेटायला गेले होते. "बराबर बोलला सायब," तो म्हणाला. "मी खाली उतराया पायजे होतो, वैनी. चावी शेठच्या हातात देवाची आन घरी जावाचा. पन आमी लाजलो. तुमी लग्नाच्या साडीत उबे होते."

यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, नवरा दाढी करून आला आणि म्हणाला, "चल, जाऊन येऊ."

कुठे ते मी विचारलं नाही. मोहल्ल्यातलं त्या स्कूटरवाल्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. खालच्या खोलीत त्याने दुकान केलं होतं. उघडे पंखे, एका फ्रीजची मोटर, भिंतीला टांगलेले तांब्याचे पाइप. तो उंच स्टुलावर बसून, पाय समोरच्या खोक्यावर लांब ठेवून काम करत होता. आम्हाला बघून त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

नवरा उभाच राहिला. "गाडीला झेपत नव्हतं ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "ड्रायव्हरने सांगितलं होतं. मीच जबरदस्ती केली."

त्या माणसाने हात फडक्याला पुसले. "हे तुम्ही दवाखान्यात येऊन सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पैशाचं सोडा, ते अल्लाच्या मर्जीने आलं, आलं. पण चार वर्षं लोक मला विचारत होते, अरे तू भर रस्त्यात कशाला उभा राहिलास? माझा सख्खा भाऊ विचारत होता. कोर्टात लिहून आलंय म्हणाले, म्हणजे काहीतरी असेल. मला स्वतःला शक यायला लागला. मी पडल्या पडल्या आठवायचो, माझा पाय कुठे होता, गटार कुठे होतं."

 नवऱ्याची मान खाली गेली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला रडताना बघितलं. आतल्या दारात त्या माणसाची बायको येऊन उभी राहिली होती.

"मी काय करू?" नवऱ्याने विचारलं.

 त्या माणसाने बायकोला वही आणायला सांगितली. "लिहून द्या. मी रस्त्यात नव्हतो, कडेला होतो. चूक तुमची होती. कोर्टासाठी नको, कोर्ट संपलं. घरात ठेवतो."

नवरा तिथल्या बाकड्यावर बसला आणि लिहू लागला. त्याचं अक्षर मुळात वाईट. दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा पुरं केलं आणि वाचून दाखवलं. त्या माणसाने एका शब्दापाशी त्याला थांबवलं. नवऱ्याने "अपघात दुर्दैवाने झाला" असं लिहिलं होतं. "दुर्दैवाने काढा," तो म्हणाला. नवऱ्याने ते खोडलं.

कागद त्या माणसाने आपल्या बायकोकडे दिला. ती तो घेऊन आत गेली आणि परत आली नाही. चहा कुणी विचारला नाही, आणि तसंच योग्य होतं. एक बाई दुरुस्तीला दिलेला मिक्सर मागायला आल्या, तेव्हा त्याने पुन्हा पक्कड उचलली, आणि आम्ही निघालो.